केबल ठरेपर्यंत

माझ्या हेडफोनमध्ये घूं येत होती. अगदी बारीक. गाणं चालू असलं की जाणवायचीही नाही; एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी मोकळी जागा असते, तिथे ती येऊन बसायची. बायकोच्या कानावर हेडफोन चढवून मी तिला ऐकायला लावलं. ती डोळे मिटून थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "कुठे काय? मला नाही येत ऐकू." मी चिडलो. तिला ऐकू येत नाही याचा राग आला, आणि मला येतं याचा, लिहितानाही लाज वाटते, थोडा अभिमान वाटला.

आम्ही भाईंदरला जेसल पार्कमध्ये राहतो. एक बेडरूम, हॉल, किचन. हॉलमध्ये आई झोपते, हॉलच्याच भिंतीला देवघर आहे, आणि त्या भिंतीच्या पलीकडे, बेडरूममध्ये, माझं टेबल. टेबलावर दोन लहान पेट्या आहेत. एक कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करते, दुसरी तो आवाज हेडफोनला पुरेल इतका मोठा करते, आणि दोघींच्या मधे दोन वायरी, एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची. स्पीकर लावायची सोय नाही. वरच्या घरात मिक्सर फिरला की आमच्याकडे चटणी कुठली ते कळतं. माझं गाणं त्यांना कळायला नको म्हणून हेडफोन. या छंदाबद्दल घरात कोणी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर करणारा मी एकटाच होतो, आणि ती सगळी त्या घूंबद्दल.

इंटरनेटवर आमच्यासारख्या लोकांचा एक ग्रुप आहे. तिथे विचारलं तर सल्ला आला की घरातल्या विजेच्या वस्तू एकेक करून बंद करा, चोर सापडेल. गणपती होऊन गेले होते. एका रविवारी सकाळी बायको भाजीला आणि आई खाली सोसायटीच्या बायकांत बसायला गेलेली बघून मी तपास सुरू केला. फ्रीज बंद केला, घूं होतीच. पंखे, वायफाय, पाण्याचा फिल्टर, सगळं बंद करून झालं. शेवटी देवघरामागे हात घालून तिथल्या एक्स्टेन्शन बोर्डातला एक काळा अडॅप्टर ओढला आणि पळत येऊन हेडफोन घातले. घूं गेली होती. इतकी स्वच्छ शांतता मी त्या हेडफोनमध्ये कधी ऐकली नव्हती.

तो अडॅप्टर आईच्या जपाच्या डब्याचा होता.

हा डबा तुम्ही पाहिला असेल. तळहाताएवढा, प्लास्टिकचा, बाजूला आवाज कमीजास्त करायचं दातेरी चाक. बटण दाबलं की त्यातून दिवसभर एकच जप एकाच चालीत चालू राहतो. आई सकाळी आंघोळ करून दिवा लावायची, बोर्डाचं बटण दाबायची, मग चाक हळूहळू फिरवून आपल्याला हवं तिथे थांबवायची. तिचा उजवा कान केव्हाचाच गेलेला, डावा थोडाफार चालतो. मी कॉलेजात असताना तिने एकदा सांगितलं होतं की कान जायच्या आधी कानात भुंगा बसल्यासारखं व्हायचं, घूं घूं, आणि मग हळूहळू दार लागलं. मी तेव्हा ऐकून घेतलं आणि विसरलो.

त्या रविवारी मला तिच्याशी एक वाक्य बोलायचं होतं. आई, या डब्याने माझ्या मशीनला त्रास होतो, थोडे दिवस बंद ठेवूया का? ती हो म्हणाली असती. तिने मला आजवर नाही म्हटल्याचं आठवत नाही, आणि म्हणूनच मला विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर ऐन देवघरातला जप मी माझ्या छंदासाठी बंद केला असं झालं असतं, आणि तसा माणूस मला व्हायचं नव्हतं. मग मी काय केलं? अडॅप्टर परत बोर्डात ठेवला, पण पूर्ण नाही. दिसायला जागच्या जागी, पिना मात्र आत टेकणार नाहीत असा. त्याच बोर्डावरचा देवाचा लाल बल्ब नेहमीसारखा लागत होता. मनात जे आलं ते जसंच्या तसं लिहितो: तिला ऐकू कमीच येतं, कळायचं नाही.

आईच्या बहिरेपणावर मी भरवसा ठेवला होता.

बायकोला अर्थातच कळलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "जप बंद का रे?" मी म्हटलं, "मशीनला त्रास होतोय. केबल बदलली की लावतो परत." ती म्हणाली, "आईंना सांगितलंस ना?" मी म्हटलं, "हो." तिने विश्वास ठेवला. ती सकाळी लवकर कामाला जाते, सांजवात होऊन गेल्यावर येते, आणि खरं सांगायचं तर तो जप बंद आहे म्हणून तिलाही बरं वाटत असावं.

आता फक्त केबल ठरवायची होती. ग्रुपवर सगळ्यांचं एकमत होतं की बॅलन्स्ड केबल घे, मग घरात काहीही लाव. साध्या वायरीत आवाज एकाच तारेवरून जातो. बॅलन्स्डमध्ये तोच आवाज दोन तारांवरून पाठवतात, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. वाटेत जो कचरा मिसळायचा तो दोघींत सारखाच मिसळतो. पलीकडे पोचल्यावर मशीन एकीतून दुसरी वजा करतं. जे सारखं होतं ते उडून जातं, आवाज तेवढा राहतो. माझ्या दोन्ही पेट्यांना त्या तीन पिनांच्या केबलची भोकं पहिल्यापासून होती, मी ती कधी वापरली नव्हती. मला ही युक्ती इतकी आवडली की मी ती बायकोला भाजी निवडता निवडता समजावली. ती म्हणाली, "म्हणजे दोघांनी मिळून कचरा वाटून घ्यायचा." मी म्हटलं, साधारण तसंच.

केबल ठरवायला एक संध्याकाळ पुरली असती. अशा केबली मांडवात माइकला लावतात त्याच. आमच्या गल्लीतल्या डेकोरेशनवाल्याकडे त्यांची भेंडोळी पडलेली असतात. त्यातलीच कमी लांबीची जोडी घेऊन काम झालं असतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण इतक्या सुंदर मशीनला मांडवाची वायर लावायची माझी तयारी नव्हती. मग तांब्याची की चांदीचा मुलामा दिलेली, चार पदरी की आठ पदरी, वरून कापडाची वीण असलेली की रबराची, सोनेरी पिनांची की साध्या, असा माझा अभ्यास सुरू झाला. एका दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, फर्क आपको खुद सुनाई देगा, आपके कान अच्छे हैं." माझे कान त्याने कुठे पाहिले होते कोण जाणे, पण मी खूश झालो. एक केबल ठरवायचो, कोणीतरी तिच्याबद्दल वाईट लिहिलेलं सापडायचं, मग दुसरी. दसरा गेला, दिवाळी गेली. मला घाई नव्हती. अडॅप्टर बाहेर असल्यामुळे माझी गाणी स्वच्छच वाजत होती.

तेवढ्या काळात घरात काय चाललं होतं ते मी पाहत होतो. पाहत होतो हे महत्त्वाचं, कारण काही दिसलंच नाही असं म्हणायची सोय मला नाही.

आई सकाळी देवासमोर जास्त वेळ बसायला लागली होती. एकदा चहा घ्यायला बाहेर आलो तर ती वाकून त्या डब्याला कान लावून होती. मला वाटलं डोकं टेकतेय. मी कप उचलला आणि आत आलो. सोसायटीच्या बायकांचं भजन असायचं त्याला ती जाईनाशी झाली, गुडघे दुखतात म्हणाली. महाडहून मावशीचा फोन आला की ती तो बायकोच्या हातात द्यायची: "तूच बोल गं, मी काम करतेय." काम काही नसायचं. बायको मला म्हणाली, "आई हल्ली गप्प गप्प असतात." मी म्हटलं, "वय झालं."

आणि तिने मासे सोडले. आमचं घर रायगडातलं, आईला रोज ताटात तुकडा असला तरच जेवल्यासारखं वाटायचं. उत्तनहून एक मासेवाली आमच्या गेटवर येते, आईची जुनी ओळख. एकदा मी रिक्षातून उतरत होतो, तिने टोपलीवरून मान वर करून विचारलं, "आई बरी हाय ना? लय दिस झाले, मासली घेत न्हाय." मी घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "कंटाळा आलाय." रायगडच्या बाईला माशांचा कंटाळा आला हे मी मान्य केलं. माझं डोकं त्या दिवशी चार पदरी आणि आठ पदरीत होतं.

याच दिवसांत मी फोनवर ग्रुपमधल्या कोणाशी तरी बोलत होतो, जरा मोठ्यानेच, कारण मुद्दा पटवायचा होता. "अहो, कानात घूं येते म्हणजे येतेच, डाव्या बाजूला जास्त," असं काहीतरी म्हणालो असेन. आई दारात उभी होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "कान दुखतोय का रे?"

"नाही गं. वायर खराब आहे."

"डावा का?"

"वायर, आई, वायर." मी हेडफोनची वायर हातात धरून तिच्या नाकासमोर हलवली. तिने वायरीकडे पाहिलं, मग माझ्या कानाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वाटीत कोमट तेल होतं, त्यात लसणाच्या पाकळ्या तळून काळ्या झालेल्या. कानात घालायचं तेल. मी बोंबललो की मशीनजवळ तेल कोणी ठेवलं. बायकोने येऊन वाटी उचलली. आई किचनमध्येच होती, ती बाहेर आली नाही.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात केबल आली. काळी, वीण घातलेली, पिना चंदेरी. मी सुट्टी घेतली होती, बायकोही घरी होती. केबली लावल्या, मग देवघरामागचा अडॅप्टर बोर्डात नीट दाबण्याआधी विचार केला की आधी अशीच ऐकून घेऊ. ऐकली. स्वच्छ. मग बेडरूममधूनच ओरडलो, "गेली एकदाची घूं." ते खरं तर अर्धंच होतं, परीक्षा अजून बाकी होती. हॉलमध्ये आलो. आई किचनच्या ओट्याशी तीळ भाजत होती, बायको सोफ्यावर. मी देवघरामागे हात घातला आणि अडॅप्टर दाबला.

डबा किंचाळला. दुसरा शब्द नाही. त्या तळहाताएवढ्या डब्यातून इतका आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. जप फाटून, घोगरा होऊन घरभर आदळला. बायको उठून उभी राहिली. समोरच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. मी डब्याकडे पाहिलं तर त्याचं चाक पार टोकापर्यंत फिरवलेलं होतं.

ते तसं का होतं हे कळायला मला क्षणही लागला नाही. रोज सकाळी दिवा लावून, बटण दाबून, ती चाक फिरवत होती. थोडं फिरवून ऐकू येईना म्हणून आणखी, मग आणखी. टोकाला गेल्यावर पुढे फिरवायला काही उरलं नाही, तेव्हा तिने कान लावून पाहिला होता. बल्ब लागत होता, म्हणजे वीज होती. मग बिघडलं होतं ते काय, हे तिने आपल्यापुरतं ठरवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

आई हातातला कालथा तसाच घेऊन बाहेर आली. डब्यासमोर उभी राहिली. मग तिने चाक मागे फिरवायला सुरुवात केली, अगदी हळू, आणि नेहमीच्या जागी आणून थांबवलं. घरात पूर्वीसारखा बारीक जप सुरू झाला. ती बायकोला म्हणाली, "मला वाटलं, हाही गेला."

"काय गेला आई?"

"कान."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून देवघराच्या मागे होता. मी म्हटलं, "पिन सैल झाली होती." आई म्हणाली, "हो का," आणि तीळ करपतील म्हणून आत गेली.  बायको बेडरूममध्ये गेली आणि तिने दार लावून घेतलं. नंतर मी आत गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझ्याकडे आईंना सांगायला एक वाक्य नव्हतं?"  केबलींबद्दल मी इतकी पानं वाचली होती की त्यातल्या चुकाही पाठ झाल्या होत्या. आईच्या कानांसाठी एकही पान उघडलं नव्हतं.

त्या रात्री हेडफोन घातले नाहीत. दुसऱ्या दिवशी एकदा घातले आणि लगेच काढले. घूं आता नव्हतीच, जप चालू असतानाही नव्हती, केबलने आपलं काम चोख केलं होतं. मला ती शांतता ऐकवेना.

दोन दिवसांनी ऑफिसहून आलो तर घरात बोंबलाचा वास. आई ताटं घेत होती, तिचं स्वतःचंही. बायकोने तळलेला बोंबील तिच्या ताटात वाढला आणि विचारलं, "कंटाळा गेला वाटतं आई?"

"कंटाळा कसला," आई म्हणाली. "सोडले होते. देवीला बोलले होते, ह्याच्या कानातली घूं जाईपर्यंत खाणार नाही."

माझा घास हातातच राहिला. बायको म्हणाली, "ह्याच्या?"

"मग? माझंही असंच सुरू झालं होतं, घूं घूं करून. ह्याच्या वयाला. मी म्हटलं, माझं काय, माझे गेले तर गेले, म्हातारपण आहे. ह्याला अजून नोकरी करायचीय." तिने बोंबलाचा मधला काटा अलगद ओढून ताटाच्या कडेला ठेवला. "परवा तोच ओरडला ना, गेली म्हणून."

मला गप्प बसता आलं असतं. तिचा नवस फळला होता, तिचा कान परत आला होता, पिन सैल झाली होती. सगळ्या गोष्टी जागच्या जागी बसत होत्या, आणि त्या सगळ्या खोट्या होत्या. मी म्हटलं, "आई, पिन सैल झाली नव्हती. मी काढली होती."

तिला नीट ऐकू गेलं नसावं. मला ते वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं फार कठीण गेलं. गणपतीनंतर काढली, तुझ्या डब्यामुळे माझ्या गाण्यात खरखर यायची, आणि तुला कळणार नाही असं वाटलं, हेही सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना मी ताटाकडे बघत होतो.

तिने ताटाच्या कडेचा काटा बोटाने सरळ केला. मग तिने विचारलं, "म्हणजे तुझ्या कानाला काही नव्हतंच?"

"नव्हतं."

"घूं कुठे होती मग?"

"मशीनमध्ये. वायरीत."

"कानात नव्हती."

"नाही आई."

"मग झालं," ती म्हणाली, आणि तिने बायकोला आणखी एक बोंबील वाढायला सांगितला, मला.  मी तो खाल्ला, कारण ती बघत होती.

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मी बायकोला नंतर म्हणालो. बायको म्हणाली, "तुझ्या बऱ्यासाठी आईंनी रागवायचं का आता?" 

पुढच्या आठवड्यात मी तिला घेऊन भाईंदर पश्चिमेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणी झाली. डावा कान पूर्वीइतकाच चांगला, म्हणजे पूर्वीइतकाच अर्धा. त्यांनी कानाचं मशीन सुचवलं, मी तिथल्या तिथे हो म्हटलं. आई ते मशीन पाहुणे आले की घालते, एरवी डबीत ठेवते. त्यात भांड्यांचा आवाज फार येतो म्हणते. सोसायटीच्या भजनाला ती पुन्हा जाते, पण मागे बसते. आधी पुढे बसायची.

आणि रोज सकाळी ती आंघोळ करून दिवा लावते, बटण दाबते, चाक फिरवते. जप सुरू होतो. तिला तो ऐकू येत असणारच, कारण चाक ती बरोबर नेहमीच्या जागी थांबवते. तरी ती भिंतीपलीकडून हाक मारते, "वाजतंय ना रे?" मी हेडफोन काढतो आणि तिला ऐकू जाईल असं म्हणतो, "वाजतंय, आई." मग ती फुलं वाहायला घेते.